अक्षरं घडवणाऱ्यांच्या टेबलाशी

‘मूर्तींचं’ एवढा एकच शब्द कागदभर छापला होता. वरच्या ओळीत मोठा, मग ओळीगणिक लहान होत गेलेला. प्रत्येक ओळीत लाल पेनाने एकाच जागी गोल केला होता. रफार, दीर्घ वेलांटी आणि अनुस्वार या तिघांची ‘त’च्या डोक्यावर जिथे गर्दी होते, ती ही जागा. अनुस्वार उजवीकडे सरकवला तर तो पुढच्या ‘चं’ला जाऊन भिडतो. रफार खाली घेतला तर वेलांटीच्या कमानीला चिकटतो, आणि वर्तमानपत्राच्या आकारात तिथे नुसता काळा डाग उरतो. सगळंच वर उचललं तर वरच्या ओळीतल्या उकारांशी टक्कर. माझी मैत्रीण सकाळपासून या एका जागेवर काम करत होती. दुपारी जेवायला उठली तेव्हाही जागा पूर्ण सुटली नव्हती, आणि तिला त्याची मुळीच घाई नव्हती.

ती देवनागरी फाँट तयार करते. पुण्यात नारायण पेठेतल्या एका जुन्या इमारतीत तिच्या दोन खोल्या आहेत. तिच्याबरोबर दोन तरुण सहकारी, मोठे पडदे, एक साधा लेझर प्रिंटर आणि कागदांचे गठ्ठे. मी तिथे वरचेवर जाऊन बसतो. ही माणसं दिवसभर नेमकं काय करतात हे कुणालाच नीट माहीत नसतं, अगदी आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांनाही नाही. आपलं सगळं लिहिणं मात्र त्यांनीच काढलेल्या अक्षरांतून वाचकापर्यंत जातं.

कामाची सुरुवात संगणकावर होत नाही. आधी पेन्सिल, बोरू, चपटा ब्रश. देवनागरीसाठी बोरूला दिलेला काप रोमन लिपीच्या उलट तिरका असतो. त्यामुळे रेघ कुठे जाड होईल आणि कुठे बारीक, याचा हिशेबच वेगळा होतो. अगदी एकसारख्या जाडीचा आधुनिक फाँट करायचा असला तरी ती आधी बोरूने लिहून बघते. हात कुठे थांबतो, कुठे वळतो, गाठ कशी पडते हे बोटांना कळल्याशिवाय पडद्यावरचं वळण खोटं दिसतं, असं ती म्हणते. हे मी स्वतः पाहिलं आहे. तिच्या एका सहकाऱ्याने ‘ह’ थेट पडद्यावर काढला होता. मोजमापात सगळं बरोबर, पण पोटातला वळसा कुठून सुरू झाला ते कळत नव्हतं. त्याने बोरूने पानभर ‘ह’ गिरवले, मग पुन्हा काढला, आणि तो ‘ह’ उभा राहिला.

सगळी अक्षरं एकदम काढत नाहीत. अक्षरांची घराणी असतात. ‘प’ बसला की ‘ष’ आणि ‘फ’ त्याच्या मागून येतात. ‘व’मधून ‘ब’ आणि ‘क’. ‘र’ ठरला की ‘स’चा आणि ‘ख’चा निम्मा प्रश्न मिटतो. ‘ड’चं वळण सापडलं की ‘ङ’, ‘इ’, ‘ई’, ‘ह’, ‘झ’ यांची दिशा कळते. म्हणून पहिले काही आठवडे पाच-सहा अक्षरांतच जातात आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की काहीच होत नाहीये. मला हा टप्पा फार आवडतो. फाँटचा स्वभाव इथेच ठरतो. पुढचं सगळं काम म्हणजे तो स्वभाव शेकडो रूपांमध्ये शेवटपर्यंत टिकवणं.

शेकडो हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. इंग्रजीची मोठी आणि लहान मिळून ५२ अक्षरं. युनिकोडमधल्या देवनागरीच्या मूळ ठोकळ्यात १२८ जागा आहेत, पण फाँटमध्ये प्रत्यक्ष काढावी लागणारी रूपं त्याहून कितीतरी जास्त. ‘क्त’, ‘द्ध’, ‘ष्ट्र’, ‘ह्म’, ‘ङ्क’ ही जोडाक्षरं. प्रत्येक व्यंजनाचं अर्धं रूप. ‘रु’ आणि ‘रू’मधले खास उकार, ‘हृ’सारखी हट्टी रूपं. एकट्या पहिल्या वेलांटीचीच कितीतरी रूपं लागतात, कारण ‘रि’वरची कमान आणि ‘ष्ट्रि’वरची कमान सारख्या रुंदीची असूच शकत नाही. कमान आखूड पडली तर वेलांटी कुणाची हेच समजत नाही. जुन्या छापखान्यांत कमान छोटी राहिलेली पुस्तकं आपण वाचली आहेत, डोळा ती चूक सांभाळून घेतो. पण सांभाळून घेण्याचा शीण वाचणाऱ्यालाच होतो, आणि तो शीण कमी करणं हाच या व्यवसायाचा धर्म आहे असं मला वाटतं.

मग येते पांढऱ्या जागेची पाळी. इथे दिवसचे दिवस जातात. प्रत्येक अक्षर दोन ‘न’च्या मध्ये बसवून बघायचं : नकन, नखन, नगन, नघन. ‘न’, ‘प’, ‘म’ यांना उजवीकडे उभा काना आहे, त्यामुळे त्यांची हद्द सरळ असते. ‘ट’, ‘ठ’, ‘ड’, ‘द’ यांना तो नाही. शिरोरेखेखाली, गोलाईच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहते. म्हणून ‘ठाणे’ आणि ‘पान’ या दोन शब्दांत अक्षरांमधलं मोजलेलं अंतर सारखं ठेवलं, तर ‘ठाणे’ विस्कटलेलं दिसतं. अंतर मोजून ठेवायचं नसतं, पांढरा रंग समान पसरलाय असं वाटेपर्यंत सरकवत राहायचं असतं. यासाठी ती छापलेला कागद उलटा धरते. डोकं खाली, पाय वर. शब्दाचा अर्थ डोळ्याआड गेला की काळे आणि पांढरे आकार तेवढे उरतात, आणि चूक आपोआप पुढे येते. कधी कागद भिंतीला लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाते आणि डोळे बारीक करून बघते. सहकारी विचारतो, “ताई, ‘र्थ’ जड वाटतोय का?” ती लगेच उत्तर देत नाही. बराच वेळ बघते आणि म्हणते, “‘र्थ’ नाही रे, शेजारचा ‘थ’ हलका आहे.”

मराठीसाठी फाँट करताना आणखी काही गोष्टी सांभाळाव्या लागतात, आणि इथे माझी मैत्रीण कुणाचंही ऐकत नाही. आपला ‘ल’ पाकळीचा, आपला ‘श’ देठाचा. हिंदीत ही अक्षरं वेगळ्या रूपात रुळली आहेत, आणि देवनागरीचे पुष्कळ फाँट हिंदी वाचक समोर ठेवून झाले आहेत. त्यामुळे मराठी मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांतसुद्धा परका ‘ल’ दिसतो, आणि शाळेत बाई फळ्यावर वेगळा काढतात. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत समुद्र आणि डोंगरातल्या खोल जागा एवढा फरक आहे, तो फक्त एका छोट्या आडव्या ‘ऱ्’वर उभा आहे. ‘ॲ’साठी युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. तोवर ‘अ’च्या डोक्यावर चंद्रकोर चिकटवून भागवत होते, आणि अनेक फाँटमध्ये ती कोर एका बाजूला कलंडायची. या बारीकसारीक गोष्टींवर ती जो वेळ घालवते त्याचे वेगळे पैसे तिला कोणी देत नाही.

तिच्या टेबलामागच्या फळीवर निर्णयसागर छापखान्याची काही जुनी पुस्तकं आहेत. जावजी दादाजींचा हा मुंबईतला छापखाना आणि त्याचे खिळे देशभर नावाजले गेले. त्या खिळ्यांसाठी राणोजी रावजी आरू यांनी पोलादी पंच कोरले. अक्षर उलटं, आणि छापायचं त्याच आकारात. म्हणजे नखाएवढ्या पोलादाच्या टोकावर उलटा ‘क्ष’. चूक दुरुस्त करण्याची सोय जवळजवळ नाही. ती भिंग घेऊन ही पानं बघते. एवढ्या लहान आकारातही ‘ध’च्या पोटातली जागा मोकळी कशी राहिली, यावर दोघे सहकारी तिच्याशी वाद घालतात. तिथून संभाषण र. कृ. जोशींवर येतं. विंडोज २०००पासून लाखो संगणकांवर पोचलेला ‘मंगल’ हा फाँट त्यांचा. आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये त्यांनी लिपीकडे बघायला शिकवलेल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या आज हे काम करत आहेत. आणि कमल शेडगे. नाटकाच्या जाहिरातीतलं नाव वाचण्याआधीच नाटकाची जात कळावी, असं अक्षर काढणारा हा माणूस २०२० मध्ये गेला. त्यांनी फाँट नव्हे, नावं काढली. प्रत्येक नावाचं अक्षर फक्त त्या नावापुरतं. मला वाटतं, मराठी घरांमध्ये अक्षराकडे बघण्याची सवय कुणी लावली असेल तर ती वर्तमानपत्रातल्या त्या नाट्यजाहिरातींनी.

प्रेरणा कुठून मिळते, असं विचारलं की ती बाहेर पडायला सांगते. मी तिच्याबरोबर हिंडलो आहे. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांच्या पाट्या, एसटीच्या खिडकीत अडकवलेल्या गावांच्या नावांच्या पाट्या, ट्रकच्या मागचा भाग, देवळाच्या पायरीत कोरलेली देणगीदारांची नावं, सगळं ती थांबून बघते आणि फोटो काढते. पायरीवर वर्षानुवर्षं पाय पडून झिजलेल्या अक्षरात शेवटपर्यंत काय टिकतं, ते तिला बघायचं असतं. शिरोरेखा आधी जाते, गाठी राहतात.

एकदा आम्ही वाईला एका जुन्या पेंटरकाकांकडे गेलो होतो. ते एका किराणा दुकानाची पाटी रंगवत होते. खडू लावलेला दोरा ताणून त्यांनी पत्र्यावर दोन रेघा उठवल्या आणि पाटीकडे नुसते बघत राहिले. मैत्रिणीने विचारलं, “काका, काय बघताय?” ते म्हणाले, “अक्षरं बसल्यावर राहील ती जागा बघतोय.” मग चपट्या ब्रशने एका दमात ‘भां’ काढला. कसलंही माप नाही, पण ‘भांडार’ शब्द पत्र्याच्या कडेपासून दोन्हीकडे सारखा सुटला. जिथे ही माणसं दिवसभर नकन-नखन छापून पोचतात, तिथे हे काका निम्म्या आयुष्याच्या सवयीने पोचले होते. आता फ्लेक्स आल्यापासून महिन्याला एखादी पाटी मिळते, असं त्यांनी सांगितलं. मैत्रिणीने त्यांच्याकडून कागदावर पूर्ण बाराखडी लिहून घेतली आणि तिचा मोबदला दिला. त्या बाराखडीतल्या ‘ळ’वरून तिच्या नव्या फाँटचा ‘ळ’ आला आहे, आणि हे ती प्रत्येकाला सांगते.

पोटापाण्याचं गणित मात्र अवघड आहे. एक फाँट, त्याची बारीक ते जाड अशी सगळी वजनं धरून, वर्ष-दीड वर्ष खातो. तेवढ्या काळात घर चालतं ते सिनेमांच्या नावांवर, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर, कंपन्यांच्या बोधचिन्हांवर आणि शिकवण्यावर. एका ग्राहकाला इंग्रजी नावाला ‘मॅच होणारं’ मराठी हवं होतं. इंग्रजी अक्षरांचेच तुकडे कापून त्यावर शिरोरेखा ठेवून द्या, असा त्याचा आग्रह होता. तिने नकार दिला आणि ते काम गेलं. मोफत फाँटची सवयही सगळ्यांना लागली आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’सारख्या गटांनी ‘मोदक’सारखे फाँट खुल्या परवान्याने सगळ्यांना वापरायला दिले, ही फार मोठी गोष्ट आहे. ‘मोदक’मध्ये अक्षर इतकं जाड आहे की आतली पांढरी जागा केवळ फटीएवढी उरते, आणि तरीही ते वाचता येतं. हे करायला किती नजर लागते! पण कुणीतरी जाणीवपूर्वक मोफत दिलेलं वेगळं, आणि विकत मिळणारा फाँट पेन ड्राइव्हवरून छापखान्याछापखान्यात फिरणं वेगळं. दुसऱ्याला चोरीच म्हणायला हवं.

काम संपत आलं की चाचण्या. स्वस्त न्यूजप्रिंटवर शाई पसरते, म्हणून ‘झ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ आधी तिथे बघायचे. मग मोबाइल. तिथे वेगळीच अडचण असते. बटणांच्या चौकटी रोमन अक्षरांच्या उंचीने आखलेल्या असतात, त्यामुळे ‘कुटुंब’चा उकार खालून आणि ‘नोंदणी’चा अनुस्वार वरून कापला जातो. हा दोष अक्षराचा नाही, चौकट आखणाऱ्याचा आहे, आणि तो दुरुस्त होईपर्यंत पत्रं लिहिणं हेही या लोकांच्या दिवसभराच्या कामात धरावं लागतं.

‘मूर्तींचं’चा प्रश्न शेवटी सुटला. र्तीं या जोडीसाठी तिने रफार आणि अनुस्वार यांचं एक जुळं रूप वेगळं काढलं, आणि वेलांटीची कमान किंचित डावीकडे झुकवली. पुढच्या वेळी हा शब्द कुठल्या पुस्तकात आला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. तेच व्हायला हवं, असं तिचं मत. माझं तसं नाही. पुस्तकाच्या श्रेयपानावर आपण मुखपृष्ठकाराचं नाव देतो, मुद्रकाचं देतो, अक्षरजुळणी कुणी केली तेही देतो. ज्या अक्षरांत अख्खं पुस्तक छापलं त्यांचं आणि ती काढणाऱ्याचं नाव मात्र बहुतेक मराठी पुस्तकांत नसतं. प्रकाशकांना आणि दिवाळी अंकांच्या संपादकांना माझी विनंती आहे : फाँट रीतसर विकत घ्या, मराठीचा ‘ल’ आणि ‘श’ असलेला निवडा, आणि श्रेयपानावर एक ओळ वाढवा. फाँटचं नाव आणि तो करणाऱ्याचं नाव. येत्या अंकापासूनच करता येईल.