हिरवेगार रोप आणि लपलेला रोग

बेंगळुरूच्या लालबागेचे पुष्पप्रदर्शन वर्षातून दोनदा भरते, प्रजासत्ताक दिनाच्या आणि स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास. तिथून बाहेर पडणाऱ्या अनेकांच्या हातात काळ्या पिशवीतले एखादे रोप असते. कुणी ते शहरातल्याच गच्चीवर लावतो, कुणी रात्रीच्या बसने बेळगाव-कोल्हापूरला नेतो. पाने तजेलदार, कीड कुठे दिसत नाही; मग रोपांच्या वाहतुकीवर नियम आणि तपासण्या हव्यात कशाला, असे बहुतेकांना वाटते. शेकड्याने रोपे उचलणारे बागायतदारही यात आले.

या समजुतीची किंमत डाळिंब उत्पादकांना चांगलीच ठाऊक आहे. तेल्या हा जिवाणूजन्य रोग भारतात १९५२ मध्ये दिल्लीत पहिल्यांदा नोंदवला गेला. या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या बागा झोडपून काढल्या. पानांवर तेलकट ठिपके पडतात, फांदीच्या पेरांवर चट्टे उठतात, फळ तडकते आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. मात्र गुटी बांधतात तेव्हा यातले काहीच दिसत नाही असेही होते. मातृवृक्षात जिवाणू असतील तर ते कलमाबरोबर येतात, कोरड्या हवेत गप्प राहतात आणि नव्या बागेत पावसाळी दमट हवा मिळाली की डोके वर काढतात. तोवर रोपवाटिकेची पावतीही हरवलेली असते. बागेत शिरलेला तेल्या पुरता नाहीसा करणारे औषध आजही नाही. छाटणी, स्वच्छता आणि फवारण्यांनी तो आटोक्यात ठेवावा लागतो, आणि हा खर्च दर बहाराला सोसावा लागतो.

मुळांचे दुखणे तर आणखी लपलेले. पेरूवर गाठी करणाऱ्या एका आक्रमक सूत्रकृमीची नोंद २०१६ च्या सुमारास तमिळनाडूत झाली. हा सूत्रकृमी पिशवीतल्या मातीतून आणि मुळांतून रोपाबरोबर निघतो. वरची पालवी लुसलुशीत, आणि पिशवी फाडून माती झटकली तर मुळांवर मण्यांसारख्या गाठी! डाळिंबाचा मर रोगही असाच माती आणि रोपांच्या वाटेने नव्या शेतात पोहोचतो.

“रोग-किडी वाऱ्यानेच येतात, त्यांना कोण अडवणार?” हा दुसरा लाडका युक्तिवाद. तो अर्धाच खरा आहे. पपईवरच्या पिठ्या ढेकणाचे उदाहरण घ्या. मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला हा कीटक २००८ मध्ये कोइमतूरला सापडला आणि दोनेक वर्षांत महाराष्ट्रातल्या पपईवरही दिसू लागला. त्याच्या मादीला पंखच नसतात. पिले वाऱ्याबरोबर थोडे अंतर जातात, पण समुद्र ओलांडायला त्यांना माणसाने हलवलेली रोपे, फळे आणि फांद्याच लागतात. शेवटी बेंगळुरूतल्याच एका संस्थेला निस्तरणी करावी लागली. आज राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेने २०१० मध्ये प्युर्टो रिकोहून तीन जातींचे सूक्ष्म परजीवी कीटक आणवले, वाढवले आणि शेतांत सोडले. त्यांनी काम चोख केले. पुढे २०२० मध्ये केरळात कसाव्यावरचा परदेशी पिठ्या ढेकूण सापडला, तेव्हा याच संस्थेला पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनमधून मित्रकीटक आणावा लागला. हे यश मोठेच, पण दरवेळी असा मित्र सापडेलच याची खात्री नसते. जिवाणू आणि विषाणूंच्या बाबतीत तर ही वाट जवळजवळ बंदच.

नियम हे नवे सरकारी खूळ आहे, असेही म्हटले जाते. खरे तर विनाशकारी कीड व पीडा कायदा १९१४ चा आहे. परदेशातून येणाऱ्या रोपांना २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि निघालेल्या देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. लागवडीची अनेक रोपे आल्यावरही ठरावीक काळ वेगळी ठेवून तपासतात. त्यामुळे अमेरिकेहून येताना सामानात दडवून आणलेली गुलाबाची फांदी हा निरुपद्रवी हौसेचा मामला राहत नाही. देशांतर्गत बंधनेही जुनीच आहेत. केळीवरच्या मोझॅक विषाणूमुळे, म्हणजे खानदेशात ज्याला हरण्या म्हणतात त्या रोगामुळे, महाराष्ट्र आणि गुजरातमधून केळीचे मुनवे राज्याबाहेर नेण्यावर बंदी घातली गेली. वेष्टनाला वापरायचे केळीचे भागही त्यात आले. फळे मात्र वगळली. कमतरता कायद्याची नाही, अंमलबजावणीची आहे. बंदरावर आणि विमानतळावर जितकी तपासणी होते, तितकी राज्याच्या सीमेवर रोपांच्या ट्रकची होत नाही.

टिश्यूकल्चरबद्दल शेतकऱ्यांत फार विश्वास आहे आणि तो बराचसा रास्तही आहे. पण बाटलीत वाढले म्हणून रोप आपोआप विषाणूमुक्त होत नाही. मूळ झाडात विषाणू असेल तर प्रयोगशाळा त्याच्याही हजारो प्रती काढते. म्हणूनच केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये टिश्यूकल्चर रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणन व्यवस्था सुरू केली. तीत मातृरोपांची विषाणू चाचणी होते. शिवाय निरोगी रोपालाही शेतात मावा हरण्याची लागण करू शकतो, त्यामुळे प्रमाणपत्र मिळाले तरी बागेवर लक्ष ठेवावेच लागते.

नियमांमुळे छोटा नर्सरीवाला मरेल, ही भीती मात्र झटकून टाकण्यासारखी नाही. चाचण्यांना पैसा लागतो. तो भार एकट्या रोपवाटिकेवर टाकला तर रोपे चोरवाटेने विकली जातील. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेला सुमारे १,७६६ कोटींचा स्वच्छ रोप कार्यक्रम म्हणूनच महत्त्वाचा आहे. त्यात नऊ केंद्रे ठरली, त्यांपैकी काही अशी: आंबा, पेरू आणि ॲव्होकॅडोसाठी बेंगळुरूची भारतीय बागवानी संशोधन संस्था, द्राक्षांसाठी पुणे, लिंबूवर्गीय फळांसाठी नागपूर, डाळिंबासाठी सोलापूर. रोगमुक्त मातृवृक्ष तिथे तयार व्हायचे आहेत, आणि रोपवाटिकांनाही मदत द्यायची आहे. ही मदत तालुक्याच्या रोपवाटिकेपर्यंत पोहोचली तरच तिचा उपयोग.

तोवर रोपे घेणाऱ्यांनी परवान्याची प्रत पाहावी, मातृवृक्ष दाखवायला सांगावे आणि पावती जपून ठेवावी. पेरू-डाळिंबाची खरेदी मोठी असेल तर दोन-चार पिशव्या तिथेच फाडून मुळे बघावीत. गाठी दिसल्या तर तो सगळा माल नाकारावा आणि कृषी अधिकाऱ्याला त्याच दिवशी कळवावे.