जाळ आणि धूर संगटच
इंजिनाच्या आत : लेखांक ९

मागच्या आठवड्यात इंजेक्टर पेट्रोल किती आणि कधी सोडतो ते पाहिलं. ते सिलिंडरच्या आत जळालं, की चाक फिरतं. आत जळायचं राहून बाहेर जळालं तर काय होतं, ते आज पाहू.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका गॅरेजात बसलो असताना एक लाल हॅचबॅक आली. चालवणारा वीस-बावीस वर्षांचा. ‘‘मिस्त्री, पन्हाळ्याच्या चढाला गाडी ओढंना झालीया बघा.’’ मिस्त्रींनी गाडी लिफ्टवर घेतली, एक्झॉस्टचे बोल्ट सोडले, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर उतरवला आणि बॅटरीचा झोत आत मारला. तिथं मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची चिनीमातीची जाळी असते. धूर तिच्यातून जातो. या जाळीची अर्धी भोकं बुजली होती. काहिलीच्या तळाला गूळ करपून बसावा, तसा काळा, चकाकता गोळा झाला होता. मिस्त्रींनी वर बघितलं. ‘‘फायरिंग कधीपासनं मारतोयस?’’ पोरगा काही बोललाच नाही.

त्याच्या गाडीत काय घडलं ते समजून घेऊ. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल त्याहून जास्त झालं, की उरलेलं कच्चंच एक्झॉस्टमध्ये जातं. ठिणगी उशिरा पडली, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा आतली आग विझलेली नसते. आजच्या गाडीत आपण ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंजेक्टर बंद करतो. इंधन वाचतं आणि गाडी गप्प राहते. फायरिंगसाठी, म्हणजे एक्झॉस्टमधून मुद्दाम फटाके काढायला, हा प्रोग्रॅम बदलतात. पाय काढल्यावरही पेट्रोल चालू ठेवायचं आणि ठिणगी मुद्दाम उशिरा टाकायची. एक्झॉस्टचं तापमान जोरात चालवताना ७००-८०० अंशांपर्यंत जातं. पेट्रोलची वाफ २५०-३०० अंशांच्या आसपास आपोआप पेटते. हवा मिळाली, की पाइपातच भडका उडतो. धडाम आवाज त्या दाबाच्या लाटेचा. पाइपाच्या तोंडाशी बाहेरची ताजी हवा मिळते, म्हणून जाळ तिथं दिसतो.

म्हणजे तो जाळ ताकदीचा नव्हे. पिस्टन ढकलायला जे पेट्रोल होतं, ते रस्त्यावर जळतं. आपल्याकडं ‘जाळ आणि धूर संगटच’ हे कौतुकानं म्हणतात, पण इंजिनाच्या बाबतीत जाळ सिलिंडरमध्येच राहायला हवा आणि पाइपातून फक्त धूर यायला हवा.

कन्व्हर्टरला हे अजिबात सोसत नाही. जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर असतो. कच्चं पेट्रोल त्याच्यावर येऊन जळू लागलं, की जाळीच भट्टी होते आणि शेवटी वितळते. भोकं बुजली, की धूर मागं तुंबतो, इंजिनाला श्वास सोडता येत नाही आणि गाडी चढ ओढत नाही. मग कोणी कन्व्हर्टर काढून तिथं नुसता पाइप जोडून देतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, त्यासाठी घेतलेली सगळी मेहनत त्या एका पाइपातून बाहेर जाते.

मला सगळ्यात जास्त खुपते ती वेगळीच गोष्ट. याच उद्यमनगरात पिढ्यानपिढ्या मिस्त्री नुसता आवाज ऐकून इंजिनाचा आजार सांगत आले. सायलेन्सर फुटफुटला, की टायमिंग बघ, प्लग काढ, व्हॉल्व्ह नीट बसतोय का पाहा, अशी शिकवण होती. गिऱ्हाईक फटाका बंद करायला पैसे द्यायचं. आता तोच आजार गाडीला लावून घ्यायला पैसे मोजले जातात.

बुलेटचा फटाका याच जातीचा. कार्ब्युरेटरवाली जुनी गाडी वेगात असताना चावी बंद केली, तरी चाकं इंजिनाला फिरवत राहतात. पिस्टन मिश्रण ओढतो आणि ठिणगीच नसल्यानं तसंच तापल्या सायलेन्सरमध्ये ढकलतो. चावी पुन्हा चालू केली, की साचलेलं सगळं एकदम पेटतं. सायलेन्सरमधली आवाज दाबणारी पुंगळी आधीच काढलेली असली, तर आवाज अडवणारं आत काहीच उरत नाही.

‘रेसच्या गाड्या तर जाळ काढतात’, असं पोरं म्हणतात. खरं आहे, पण कारण समजून घ्या. रॅलीच्या टर्बो गाडीत वळणावर पाय काढला, की टर्बोचा पंखा मंदावतो आणि पुन्हा वेग घ्यायला क्षणभर उशीर होतो. तो उशीर टाळायला एक्झॉस्टमध्ये मुद्दाम स्फोट घडवून पंखा फिरता ठेवतात. तिथं जाळ ही कामाची किंमत आहे. त्या टीमला टर्बो आणि एक्झॉस्ट लवकर झिजणार हे ठाऊक असतं. शर्यतीची हौस असेल, तर कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक आहे, राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या तिथं झाल्या आहेत. जाऊन वेळ लावा.

रस्त्यावर मात्र दुसरी माणसं असतात. दसरा चौकाला लागून सीपीआर रुग्णालय आहे. रुग्णालयाभोवतीचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, तिथं रात्रीची मर्यादा ४० डेसिबल. १७५ सीसीवरच्या दुचाकीला कारखान्यातून निघताना ८० डेसिबलची मर्यादा असते. दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. मध्यरात्रीचा एक फटाका ऑपरेशन होऊन पडलेल्या माणसाला किती लागतो, ते त्याच्या उशाशी बसलेल्याला विचारा.

जाळाचा धोका निराळा. पेट्रोल-डिझेलच्या टँकरच्या सायलेन्सरला ठिणगी अडवणारी जाळी सक्तीची आहे. एक ठिणगी बाहेर पडू नये म्हणून कायदा इतका जपतो. आणि आपल्या भागात ऊस हंगामात रस्त्याकडेला वाळलेलं पाचट पसरलेलं असताना आपण हौसेनं जाळ काढायचा?

कायद्यात संदिग्ध काही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ(४) नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि प्रदूषणाची मर्यादा मोडली, तर कलम १९०(२) खाली दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो आणि लायसन्स तीन महिने जातं. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले. पण बसवून देणारे हात थांबले नाहीत, तर रोलर किती फिरवणार? म्हणून माझी विनंती गॅरेजवाल्यांना आहे : पोरगा फायरिंग मागायला आला, तर त्याला एक वितळलेली जाळी हातात देऊन दाखवा.

आणि वाचकांना एक सांगतो. तुम्ही काहीही बदल केला नसताना पाय काढल्यावर गाडी फुटफुटत असेल, तर आधी सायलेन्सरचा जोड बघा, गळक्या जोडातून हवा आत ओढली जाते. मग प्लग आणि टायमिंग तपासून घ्या. इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल, तर गाडी दामटू नका. पुढच्या लेखांकात टर्बो.