आग न लागता भाजलेला हात

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे दोन महामार्ग मिळतात. कांद्याच्या ट्रकांसोबत लोखंडी भंगाराचे ट्रकही इथून जातात. याच जिल्ह्यात लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'कृषक' प्रकल्पात कोबाल्ट-६० चे गॅमा किरण देऊन कांद्याचे कोंब रोखतात. त्या कांद्यात किरणोत्सार राहत नाही आणि तिथला कोबाल्ट जाड भिंतींआड, नोंदीत आणि देखरेखीखाली असतो. खरी भीती आहे ती नोंदीतून निसटून भंगारात पोहोचलेल्या कोबाल्टची. अशा कोबाल्टने जखमी झालेला माणूस सगळ्यात आधी गाठतो तो कोपऱ्यावरचा दवाखाना. म्हणूनच माझं म्हणणं आहे की किरणोत्साराच्या दुखापतीवरचा उपचार तिथल्या एका साध्या प्रश्नाने सुरू व्हायला हवा: तुम्ही काम काय करता, आणि गेल्या महिनाभरात कसला धातू हाताळलात?

दिल्लीच्या मायापुरीत २०१० साली कोबाल्ट असाच भंगारात पोहोचला. दिल्ली विद्यापीठात १९८५ पासून पडून राहिलेलं एक यंत्र लिलावात भंगारवाल्यांकडे गेलं, तिथे ते फोडलं गेलं आणि आतल्या कोबाल्टचे तुकडे दुकानादुकानांत पोहोचले. एकाने तर चकाकता तुकडा पाकिटात घालून खिशात ठेवला. एप्रिलमध्ये कातडी काळी पडलेली, केस गळालेली माणसं रुग्णालयात दाखल होऊ लागली, तेव्हा कुठे शोध सुरू झाला. एक कामगार दगावला. उशीर होतो, कारण ही दुखापत फसवी असते. गरम तव्याचा चटका तत्क्षणी कळतो. इथे कातडी लाल व्हायला, फोड यायला दिवस किंवा आठवडे लागतात. मोठा डोस संपूर्ण अंगावर पडला तर काही तासांत उलट्या होतात, मग त्या थांबतात आणि माणसाला बरं वाटू लागतं. त्याच काळात अस्थिमज्जेतल्या पेशी मरत असतात.

उपचार आहेत. दर काही तासांनी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करून लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी किती वेगाने घटतात ते पाहिलं की डोसचा अंदाज येतो. भाभा केंद्राच्या तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) प्रयोगशाळेत गुणसूत्रांतली मोडतोड मोजून तो पक्का करता येतो. पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शनं, प्रतिजैविकं, रक्तघटक आणि जंतुसंसर्गापासून जपणूक यांवर कित्येक रुग्ण तगतात. आयोडिनच्या गोळ्यांचा कोबाल्टवर काडीचाही उपयोग नाही. त्या फक्त किरणोत्सारी आयोडिनपासून थायरॉइडला वाचवतात.

अशा घटना विरळा, मग डॉक्टरांच्या डोक्याला हा ताप कशाला, असं कोणी म्हणेल. घटना विरळा आहेत, हे मान्यच. पण विचारायला अर्धं मिनिट लागतं आणि सीबीसी तर गल्लीतल्या लॅबमध्येही होते. दुसरा आक्षेप घबराटीचा. तो मला जास्त वजनदार वाटतो. ब्राझीलच्या गोयानियात १९८७ मध्ये सीझियम पसरलं तेव्हा १ लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. प्रत्यक्षात दूषित निघाले २४९. घबराट वाढते ती न सांगितल्याने. बाहेरून गॅमा किरण लागलेला रुग्ण स्वतः किरणोत्सारी होत नाही, त्याला हात लावायला हरकत नाही. अंगावर किरणोत्सारी धूळ असेल, तर कपडे काढून पिशवीत बांधले आणि अंग साबणाने धुतलं की तिचा बराच मोठा भाग निघून जातो. जीव धोक्यात असेल तर त्यासाठीही थांबायचं नाही. आधी श्वास आणि रक्तस्राव पाहायचा.