माळ्यावरचा कॉम्प्युटर आणि डेव्हचा खेळ

गुलमंडीवर खरेदीला येणारी माणसे दुकानांच्या पाट्या वाचतात. मान वर करून वरच्या मजल्याकडे कोणी पाहत नाही. या जुन्या बाजारपेठेत आणि तिच्या अवतीभवतीच्या गल्ल्यांत माळ्यावर काय काय पडून असते, ते त्या त्या घरालाच ठाऊक! शिलाई मशीनचा लोखंडी पाय, पितळी घंगाळ, लग्नातल्या ट्रंका, आणि त्यांच्या जोडीला फाटक्या चादरीत गुंडाळलेला एखादा कॉम्प्युटर.

२००१ साली एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यानंतरच्या काही वर्षांत आपल्या अनेक कष्टकरी कुटुंबांनी पोटाला चिमटा घेऊन, हप्ते बांधून घरात कॉम्प्युटर आणला. पोरांनी शिकावे ही आईबापांची एकच आस. त्यावर अभ्यास किती झाला हे ज्याचे त्याला माहीत; पण डेव्ह आणि प्रिन्स हे दोन खेळ मात्र यथास्थित पाठ झाले.

ती पोरे आता स्वतः आईबाप झाली आहेत. कोणी वाळूजला कामाला, कोणी चिकलठाण्याला, कोणी शेंद्र्याला. आपण लहानपणी खेळलो तो खेळ आपल्या लेकराला दाखवावा असे त्यांना वाटते, आणि तिथेच गाडी अडते. जुन्या सीडीवरून किंवा पेन ड्राइव्हवरून खेळ नव्या लॅपटॉपवर घेतला की पडद्यावर उत्तर येते, हा प्रोग्रॅम तुमच्या कॉम्प्युटरवर चालणार नाही.

वाळूजच्या कारखान्यात पाळीने काम करणारे आमच्या परिचयाचे एक गृहस्थ असेच अडले. मुलाला घेऊन ते एका दुकानात गेले. दुकानदाराने लॅपटॉपकडे धड पाहिलेही नाही. म्हणाला, “मशीन कमी पडतंय. गेमिंगचा कॉम्प्युटर घ्या, चांगलं ग्राफिक कार्ड टाकून देतो. हप्ते पाडून देऊ.” सांगितलेला आकडा त्यांच्या दोन महिन्यांच्या पगाराहून मोठा होता. ते आमच्याकडे आले. “जयभीम दादा. पोरगं हट्टाला पेटलंय. घ्यावं का?”

आम्ही म्हणालो, “जयभीम. रुपयासुद्धा खर्च करू नका. बसा, चहा घ्या.”

मशीन कमी पडते हे म्हणणे धादांत खोटे आहे. खेळ चालत नाही तो मशीन दुबळी म्हणून नव्हे. मशीनने जुनी भाषा सोडून दिली आहे, म्हणून चालत नाही. आपल्याकडे जुन्या जमिनीचे मोडी लिपीतले कागद असतात. त्यातली भाषा मराठीच, कागदही खरा. पण आजच्या कारकुनाला तो वाचता येत नाही. म्हणून कागद खोटा ठरत नाही, मोडी वाचणारा माणूस शोधावा लागतो. कॉम्प्युटरचे असेच आहे. डेव्ह, प्रिन्स हे खेळ डॉस नावाच्या जुन्या व्यवस्थेसाठी लिहिलेले, सोळा बिटांचे. विंडोज एक्सपीच्या काळापर्यंत, म्हणजे घरोघरच्या ३२ बिटांच्या विंडोजमध्ये, असे प्रोग्रॅम चालवण्याची सोय आत ठेवलेली होती. ६४ बिटांच्या विंडोजमधून ती काढली गेली, आणि २०२१ साली आलेली विंडोज ११ ही तर फक्त ६४ बिटांचीच आहे.

मोडी वाचणारा माणूस इथेही आहे. त्याचे नाव डॉसबॉक्स. २००२ पासून मिळणारा हा प्रोग्रॅम फुकट आहे, आणि अगदी साध्या लॅपटॉपवर चालतो. तो नव्या मशीनच्या पोटात एक खोटी जुनी मशीन उभी करतो: जुना प्रोसेसर, जुना पडदा, जुने साउंड कार्डसुद्धा. खेळाला वाटते आपण १९९० सालातच आहोत.

वापरायलाही अवघड नाही. डॉसबॉक्स त्याच्या मूळ संकेतस्थळावरून घ्यावा. खेळाच्या सगळ्या फायली एका फोल्डरमध्ये ठेवाव्यात. फोल्डरचे नाव इंग्रजीत आणि आठ अक्षरांच्या आत असावे, डॉसला त्याहून लांब नाव पेलत नाही. मग खेळाची मुख्य फाइल माउसने उचलून डॉसबॉक्सच्या चित्रावर सोडावी. बहुतेक वेळा खेळ तेवढ्यावर सुरू होतो. चित्र पूर्ण पडद्यावर हवे तर ऑल्ट आणि एंटर. माउस आत अडकला तर कंट्रोल आणि एफ १०.

एक गंमत इथे सांगितली पाहिजे. जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यावर ‘टर्बो’ लिहिलेले एक बटण असे, ते ज्यांनी पाहिले त्यांना आठवेल. नाव टर्बो, पण त्याचा खरा उपयोग मशीन हळू करण्यासाठी! अगदी पहिल्या काळातले कित्येक खेळ मशीनच्या वेगावरच चालायचे. मशीन दुप्पट वेगाची झाली की खेळातला माणूस दुप्पट पळायचा आणि खेळणाऱ्याचा बोट हलवण्याआधीच निकाल लागायचा. आजच्या वेगाने तर विचारूच नका. मूळ डॉसबॉक्समध्ये कंट्रोल आणि एफ ११ दाबले की वेग कमी होतो, एफ १२ ने वाढतो. तेच आजचे टर्बो बटण.

आता या दोन खेळांविषयी थोडे. डेव्ह हा जॉन रोमेरो या अमेरिकन तरुणाने १९८८ साली अ‍ॅपल टू या कॉम्प्युटरसाठी केला, आणि १९९० मध्ये तो डॉसवर आला. चषक घ्यायचा, दार गाठायचे, असे दहा टप्पे. हाच रोमेरो पुढे १९९३ च्या ‘डूम’ या जगभर गाजलेल्या खेळाच्या कर्त्यांपैकी एक झाला.

प्रिन्सची, म्हणजे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची कहाणी मात्र घरोघरी सांगावी अशी आहे. तो १९८९ चा. जॉर्डन मेकनर याने तो जवळजवळ एकहाती केला. खेळातला राजपुत्र इतका खऱ्या माणसासारखा पळतो, उडी मारतो, कठड्याला लोंबकळतो, कारण तो खरा माणूसच आहे. जॉर्डनने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला आणि उड्या मारायला लावले, त्याची व्हिडिओ फिल्म घेतली आणि एकेका चित्रावरून राजपुत्र रेखाटला. संगीत वडिलांचे, फ्रान्सिस मेकनर यांचे. पुढे वर्षे गेली. खेळाची मूळ लिखित प्रत, ज्याला सोर्स कोड म्हणतात, ती जॉर्डनला कुठे सापडेना. २०१२ साली वडिलांनी कपाट आवरताना मुलाच्या जुन्या फ्लॉपींचा खोका सापडला, तो त्यांनी त्याच्याकडे पाठवून दिला. त्यातच ती प्रत होती. जुन्या मशीनींचे जाणकार बोलावून तेवीस वर्षांपूर्वीच्या फ्लॉपी वाचल्या गेल्या, आणि जॉर्डनने ती प्रत सर्वांसाठी खुली केली. वडिलांनी आवराआवरीत तो खोका भंगारात दिला असता तर? आपल्याकडे दिवाळीच्या साफसफाईत काय होते ते आम्ही सांगायला नको.

सीडीवरचे खेळ, म्हणजे रोड रॅश, एज ऑफ एम्पायर्स वगैरे, हे निराळे प्रकरण. ते विंडोज ९५ आणि ९८ च्या काळातले. त्यांना डॉसबॉक्स लागत नाही. त्यांची दुखणी तीन. कित्येकदा खेळ ३२ बिटांचा, पण तो बसवणारा सेटअप मात्र १६ बिटांचा असतो; म्हणजे नवरदेव तयार आणि घोडा अडलेला. दुसरे दुखणे रंगांचे. हे खेळ २५६ रंगांवर चालत. नव्या पडद्यावर गवत जांभळे आणि पाणी लाल दिसू लागते. खेळाच्या फाइलवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज, त्यात कम्पॅटिबिलिटी, आणि तिथे कमी रंगांची खूण केली तर अनेकदा भागते. तिसरे दुखणे सीडीच्या कुलपाचे. नक्कल होऊ नये म्हणून काही कंपन्यांनी सेफडिस्क नावाचे कुलूप घातले होते. त्याला सुरक्षेच्या दृष्टीने भोक आहे म्हणून २०१५ च्या विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टने ते चालवणेच बंद केले. त्यामुळे पैसे मोजून घेतलेली अस्सल सीडी आज चालत नाही. प्रामाणिक गिऱ्हाइकाचेच नुकसान! असो. एक गोष्ट उलटी आहे: लिनक्सवर वाइन नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, त्यात विंडोजचे कित्येक जुने खेळ आजच्या विंडोजपेक्षा बरे चालतात.

पण आमचे मत विचाराल तर आधी माळ्यावरची मशीन खाली काढा. तिला हे सगळे उपचार लागत नाहीत. वायर लावून लगेच सुरू मात्र करू नये. झाकण उघडून मऊ ब्रशने धूळ काढावी. मदरबोर्डवरचे छोटे नळकांड्यासारखे कपॅसिटर वरून फुगले असतील तर थांबावे, जाणकाराला दाखवावे. पॉवर सप्लायचा डबा घरी उघडू नये, बंद असतानाही त्यात झटका देण्याइतकी वीज राहते. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबराने पुसावेत. ही युक्ती सगळ्या कारागिरांना माहीत आहे आणि ती खरोखर चालते. तारीख दर वेळी मागे जात असेल तर नाण्याएवढा सीआर २०३२ सेल बदलावा. आणि मशीन सुरू झाली की खेळाआधी हार्ड डिस्कवर काय आहे ते पाहावे. एखाद्या लग्नाचे फोटो, ताईचा पहिला बायोडेटा, आज हयात नसलेल्या आजीचा आवाज, काय निघेल सांगता येत नाही. ते आधी दुसरीकडे उतरवून घ्यावे. जुनी डिस्क पुन्हा कधी सुरू होईल याचा भरवसा नसतो. मशीन सुरूच झाली नाही, तरी डिस्क काढून यूएसबीच्या जोडणीने नव्या लॅपटॉपला लावता येते. अशा मशीनला इंटरनेट लावू नये; जुन्या विंडोजला सुरक्षेची दुरुस्ती मिळणे कधीच बंद झाले आहे. विंडोज १० ची मुदतही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली.

खेळच जवळ नसेल तर? ‘फुकट डाउनलोड’ म्हणून जे सापडते त्यात खेळाच्या नावाखाली व्हायरस फार. ज्या मोबाइलवर बँकेचे खाते आहे त्यावर असले काही घेऊ नये. सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनेट आर्काइव्ह या ग्रंथालयवजा संस्थेने जानेवारी २०१५ मध्ये डॉसचे २,००० हून अधिक खेळ ब्राउझरमध्येच खेळता येतील असे ठेवले. काही उतरवून घ्यावे लागत नाही. खेळ जुना झाला म्हणून मालकी संपत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. मात्र आपण रीतसर घेतलेली सीडी खराब होईल म्हणून तिची एक जादा प्रत काढून ठेवायला आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा मोकळीक देतो. जुन्या सीडी घरात असतील त्यांनी हे काम आधी उरकावे.

त्या गृहस्थांच्या लॅपटॉपवर प्रिन्स सुरू व्हायला अर्धा तासही लागला नाही. पोराने पहिल्याच खड्ड्यात चार वेळा जीव दिला. बापाने मात्र “सरक जरा” म्हणून खुर्ची घेतली ती सोडलीच नाही. राजकन्येला सोडवायला या खेळात साठ मिनिटे असतात, आणि स्वयंपाकघरातून हाक साधारण त्याच वेळी येते. माता-भगिनींसाठी म्हणून सांगतो: तिसऱ्या टप्प्यापासून पुढे कंट्रोल आणि जी दाबले की खेळ जिथल्या तिथे जपून राहतो, जेवण झाल्यावर सुरुवातीच्या पडद्यावर कंट्रोल आणि एल दाबून पुढे खेळता येतो. तेव्हा “एवढं संपवून येतो” ही सबब कोणाची ऐकून घेऊ नये, बापाचीसुद्धा नाही.