लोकसंमती, कंपन्या आणि राज्यसंस्था : रायगडच्या सेझविरोधी लढ्याचा अन्वयार्थ

सारांश

जागतिकीकरणाच्या प्रक्रियेत अनेक महत्त्वाचे आर्थिक निर्णय लोकनियुक्त सभागृहांच्या बाहेर आकाराला येऊ लागले. या निर्णयांवर मोठ्या कंपन्यांचा प्रभाव पडतो आणि त्यांचे परिणाम भोगणाऱ्या नागरिकांना मात्र कोणी विचारत नाही, अशी भावना जगाच्या अनेक भागांत व्यक्त झाली. प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्यातील महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्धचा लढा आणि 2008 मध्ये पेण तालुक्यात घेण्यात आलेली जनमत चाचणी यांच्या आधारे लोकसंमतीच्या प्रश्नाचे विवेचन केले आहे. नाशिक जिल्ह्यातील अनुभव आणि प्रादेशिक व्यापार करारांचा संदर्भही त्यासाठी घेतला आहे.

बीजसंज्ञा : विशेष आर्थिक क्षेत्र, भूसंपादन, सार्वजनिक प्रयोजन, जनमत चाचणी, व्यापार करार.

प्रस्तावना

लोकशाहीत सत्तेचा उगम जनतेत असतो, हे तत्त्व सर्वमान्य आहे. तथापि निवडणुकीतून दिलेली संमती पाच वर्षांतील प्रत्येक निर्णयाला आपोआप लागू होते काय, हा प्रश्न राज्यशास्त्रात जुना असला तरी 1991 नंतरच्या भारतात तो नव्याने उभा राहिला. राज्यसंस्था, खाजगी भांडवल आणि नागरिक यांच्यातील संबंध या काळात बदलले. उद्योगांना परवाना देणारे आणि त्यांच्यावर नियंत्रण ठेवणारे शासन गुंतवणूक मिळवण्यासाठी इतर राज्यांशी स्पर्धा करू लागले. या स्पर्धेत जमीन, पाणी आणि करसवलत ही शासनाच्या हातातील प्रमुख साधने ठरली.

हा अनुभव केवळ भारताचा नाही. अमेरिका, कॅनडा व मेक्सिको या देशांनी मार्च 2005 मध्ये सुरक्षा व समृद्धीसाठीची भागीदारी जाहीर केली. पुढील वर्षी तिला सल्ला देण्यासाठी तिन्ही देशांतील मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांची परिषद नेमण्यात आली. कामगार संघटना व नागरी संघटनांना असे स्थान नव्हते. ऑगस्ट 2007 मध्ये कॅनडातील माँटेबेलो येथे तिन्ही राष्ट्रप्रमुखांची बैठक भरली तेव्हा बाहेर नागरिकांनी तीव्र निदर्शने केली. या भागीदारीतून तिन्ही देशांचे एकच महासंघराज्य आणि एकच चलन निर्माण होणार, अशी वदंताही त्या काळात पसरली. तशी कोणतीही अधिकृत योजना नव्हती आणि 2009 मध्ये ती भागीदारीच गुंडाळण्यात आली. वदंता खोटी असली तरी तिला जमीन पुरवणारी परिस्थिती खरी होती. बंद दाराआडच्या चर्चेत अफवेला वाव मिळतो. युरोपात मात्र नागरिकांना थेट विचारण्यात आले. युरोपीय संघाच्या नियोजित राज्यघटनेला फ्रान्सच्या मतदारांनी 29 मे 2005 रोजी आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी 1 जून 2005 रोजी नकार दिला. त्यानंतर तीन वर्षांनी रायगड जिल्ह्यातील शेतकऱ्यांसमोरही मतपत्रिका आली. तिचा विषय मात्र त्यांची स्वतःची जमीन हा होता.

महाराष्ट्रातील पूर्वपरंपरा

कंपनीसाठी शासनाने जमीन संपादित करावी आणि शेतकऱ्यांनी तिला विरोध करावा, ही घटना महाराष्ट्रात नवी नाही. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळशी पेट्यात धरण बांधण्याचे ठरले तेव्हा 1921 मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट यांचे नाव त्या लढ्याशी कायमचे जोडले गेले. त्या वेळी वापरण्यात आलेला 1894 चा भूसंपादन कायदा स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ टिकून राहिला. सत्ता बदलली, परंतु संपादनाचे साधन तेच राहिले.

रायगड जिल्ह्याला, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याला, लढ्याची स्वतःची परंपरा आहे. अलिबाग तालुक्यातील चरी येथील शेतकऱ्यांचा खोतीविरुद्धचा संप 1933 ते 1939 असा सहा वर्षे चालला. त्याचे नेतृत्व नारायण नागू पाटील यांनी केले. पुढे नवी मुंबईसाठी पनवेल व उरण तालुक्यांतील जमिनी संपादित झाल्या. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जणांना हौतात्म्य आले. विकसित भूखंडाच्या साडेबारा टक्के वाट्याचे तत्त्व या संघर्षातून पुढे आले. त्यामुळे संपादनाचा अर्थ काय होतो, हे या भागातील शेतकऱ्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

एन्रॉन कंपनीच्या दाभोळ वीजप्रकल्पाचा अनुभवही ताजा होता. वीजखरेदीचा करार 1993 मध्ये झाला. त्याच्या अटींविषयीची गुप्तता, विजेचा दर आणि शासनाने घेतलेली हमी यांवर तीव्र टीका झाली. 1995 मध्ये नव्या राज्य सरकारने तो रद्द केला, फेरवाटाघाटींनंतर प्रकल्प पुन्हा सुरू झाला आणि 2001 मध्ये दराच्या वादातून वीजनिर्मिती बंद पडली. करार गुप्त राहिला तर त्याची किंमत शेवटी सार्वजनिक तिजोरीला मोजावी लागते, हा धडा महाराष्ट्राला त्यातून मिळाला.

विशेष आर्थिक क्षेत्राचे स्वरूप

केंद्र शासनाने एप्रिल 2000 मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांचे धोरण जाहीर केले. त्याला कायद्याचे रूप 2005 मध्ये मिळाले आणि कायदा फेब्रुवारी 2006 मध्ये अंमलात आला. या कायद्याची तीन वैशिष्ट्ये लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिले म्हणजे, कायद्याच्या कलम 53 नुसार सेझ हे देशाच्या सीमाशुल्क क्षेत्राबाहेरील क्षेत्र मानले जाते. दुसरे म्हणजे, सेझमधील उद्योगांना निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षे संपूर्ण आणि पुढील पाच वर्षे निम्मी आयकर सवलत देण्यात आली. तिसरे म्हणजे, क्षेत्राचा दैनंदिन कारभार विकास आयुक्ताकडे सोपविण्यात आला आणि कलम 51 अन्वये या कायद्याला इतर कायद्यांवर प्रभावी स्थान मिळाले. स्थानिक स्वराज्य संस्थांचे, विशेषतः ग्रामपंचायतींचे, या रचनेतील स्थान काय, हा प्रश्न त्यातून स्वाभाविकपणे निर्माण झाला.

समर्थकांचा युक्तिवादही दुर्लक्षणीय नव्हता. पायाभूत सुविधांचा अभाव आणि परवानग्यांची किचकट साखळी यांमुळे भारतीय निर्यात मागे पडते. मर्यादित क्षेत्रात हे अडथळे दूर केल्यास गुंतवणूक व रोजगार वाढेल, असे त्यांचे म्हणणे होते. वादाचा मुद्दा निर्यातवाढ हा नव्हता. तिच्यासाठी लागणारी जमीन कोणाची, किती आणि कोणत्या मार्गाने घ्यायची, हा होता.

महामुंबई सेझ आणि पेणची जनमत चाचणी

रिलायन्स समूहाशी संबंधित महामुंबई सेझसाठी उरण, पनवेल व पेण या तालुक्यांतील 45 गावांची सुमारे 10,000 हेक्टर जमीन घेण्याचे योजिले होते. जमीन कंपनीसाठी होती, परंतु संपादनाची प्रक्रिया शासनाने 1894 च्या कायद्यान्वये सुरू केली. ‘सार्वजनिक प्रयोजन’ या संज्ञेची व्याप्ती खाजगी कंपनीच्या नफ्यापर्यंत जाते काय, हा विरोधकांचा मूलभूत प्रश्न होता.

लढ्यात शेतकरी कामगार पक्षाचे ज्येष्ठ नेते प्रा. एन. डी. पाटील, सर्वहारा जन आंदोलनाच्या उल्का महाजन आणि गावोगावच्या संघर्ष समित्या यांचा सहभाग होता. मोर्चे, उपोषणे, ग्रामसभांचे ठराव आणि संपादनाच्या नोटिसांवरील लेखी हरकती अशा विविध मार्गांनी तो चालला. पेण तालुक्यातील 22 गावे हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येत असल्यामुळे तेथील आक्षेप अधिक धारदार होता. ज्या जमिनीला पाणी देण्यासाठी सार्वजनिक पैशातून धरण बांधले, तीच जमीन कंपनीला देण्यामागील तर्क काय, असे शेतकरी विचारत होते.

या दबावामुळे 21 सप्टेंबर 2008 रोजी या 22 गावांत जिल्हा प्रशासनाने जनमत चाचणी घेतली. सेझसाठी जमीन देण्यास संमती आहे किंवा नाही, एवढाच प्रश्न होता. मतदान करणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी नकार दिल्याचे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. शासनाने मात्र निकालाची अधिकृत घोषणा केली नाही. तरीही चाचणीचे महत्त्व कमी होत नाही. कायद्यात अशा चाचणीची तरतूद नसताना शासनाला ती घ्यावी लागली, यातच लढ्याचे नैतिक यश होते.

प्रकल्पाचा शेवट मात्र मतपेटीमुळे झाला नाही. तो कायद्यातील मुदतीमुळे झाला. 1894 च्या कायद्याच्या कलम 11-अ नुसार कलम 6 च्या घोषणेनंतर दोन वर्षांच्या आत निवाडा झाला नाही तर संपादनाची प्रक्रिया व्यपगत होते. शेतकऱ्यांच्या विरोधामुळे हे काम पुढे सरकले नाही आणि 2009 मध्ये प्रक्रिया व्यपगत झाली. लोकांच्या विरोधाने वेळ मिळवला आणि त्या वेळेने कायद्याचे कलम जागे केले, असे या घटनाक्रमाचे वर्णन करता येईल.

चाचणीची मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. चाचणी जमीनधारकांची होती. भूमिहीन शेतमजूर, कातकरी, मिठागरांतील कामगार आणि खाडीवर जगणारे मच्छीमार यांची उपजीविका त्याच भूमीशी बांधलेली असली तरी सातबाऱ्यावर त्यांचे नाव नसते. घरातील स्त्रिया वर्षानुवर्षे शेतात राबतात. उताऱ्यावर नाव बहुधा पुरुषाचे असते. म्हणून ‘जनमत’ या शब्दातील ‘जन’ कोण, हा प्रश्न पेणनेही पूर्णपणे सोडविला नाही.

नाशिक जिल्ह्याचा अनुभव

याच काळात नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात गुळवंच–मुसळगाव परिसरात इंडियाबुल्स समूहाचे सेझ मंजूर झाले आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळामार्फत जमीन संपादित झाली. तेथे 1,350 मेगावॉट क्षमतेचा औष्णिक वीजप्रकल्प उभा राहिला. अपेक्षित उद्योगनगरी मात्र आकाराला आली नाही. पेणमध्ये जमीन वाचली, सिन्नरमध्ये ती गेली. दोन्ही ठिकाणी सेझचा कायदा एकच होता, हे अभ्यासकांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

2017 मध्ये समृद्धी महामार्गाच्या वेळी सिन्नर तालुक्यातील शिवडे गाव विरोधाचे केंद्र बनले. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेलेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात वनहक्क व कर्जमाफीच्या बरोबरीने सक्तीच्या भूसंपादनाला विरोध हीदेखील मागणी होती. दरम्यान कायदा बदलला होता. 2013 च्या भूसंपादन कायद्याने खाजगी कंपनीसाठीच्या संपादनास 80 टक्के आणि सार्वजनिक–खाजगी भागीदारीसाठी 70 टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक ठरविली. नंदीग्राम, सिंगूर आणि रायगड येथील संघर्ष या बदलाच्या पार्श्वभूमीला होते.

व्यापार करार आणि संमतीचा प्रश्न

जमिनीच्या बाबतीत संमतीचे तत्त्व कायद्यात आले. व्यापार करारांच्या बाबतीत ते आलेले नाही. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात परकीय राष्ट्रांशी करार करणे हा विषय केंद्र सूचीच्या 14 व्या नोंदीत आहे, तर शेती हा विषय राज्य सूचीच्या 14 व्या नोंदीत आहे. केंद्राने केलेल्या कराराचा परिणाम शेतीवर होतो. परंतु त्यापूर्वी राज्य विधिमंडळाची किंवा संसदेचीही मंजुरी घेण्याचे बंधन नाही.

प्रादेशिक सर्वसमावेशक आर्थिक भागीदारीच्या वाटाघाटी 2012 मध्ये सुरू झाल्या. आशिया–पॅसिफिक क्षेत्रातील 16 देशांच्या या चर्चेचा मसुदा जनतेसमोर ठेवण्यात आला नव्हता. न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियाच्या स्वस्त दुग्धजन्य पदार्थांच्या आयातीची धास्ती दूध उत्पादकांनी व्यक्त केली आणि देशभर शेतकरी संघटनांनी निदर्शने केली. भारताने 4 नोव्हेंबर 2019 रोजी बँकॉक येथे या करारातून माघार घेतली. उर्वरित 15 देशांनी तो 2020 मध्ये स्वाक्षरित केला.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. शेतकऱ्यांचे हित नेहमी बंद बाजारातच असते, असे मानणे योग्य नाही. नाशिक परिसरात 1980 मध्ये कांदा व उसाच्या भावासाठी मोठे आंदोलन उभारणारे शरद जोशी हे खुल्या व्यापाराचे पुरस्कर्ते होते आणि त्यांनी डंकेल प्रस्तावाचे समर्थन केले. कांदा उत्पादकांचा अनुभव त्यांच्या मांडणीला बळ देतो. 8 डिसेंबर 2023 च्या निर्यातबंदीने लासलगावच्या बाजारातील भाव कोसळले; ती बंदी कोणत्याही परकीय कंपनीने नव्हे, तर देशाच्याच शासनाने घातली होती. दूध उत्पादकाला आयातीची भीती वाटते आणि कांदा उत्पादकाला निर्यातबंदीची. दोघांची तक्रार वरवर परस्परविरोधी आहे. तिचे मूळ एकच आहे : आपल्या उपजीविकेचा निर्णय आपल्याला न विचारता झाला.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. (1) कंपन्यांच्या प्रभावाविरुद्धचे नागरिकांचे आंदोलन हे अपरिहार्यपणे विकासाविरुद्धचे आंदोलन नसते. ते बहुतांशी निर्णयप्रक्रियेविरुद्धचे असते. (2) गुप्तता ही शासनाला सोयीची वाटली तरी ती अविश्वास व अफवा यांना जन्म देते. माँटेबेलो आणि दाभोळ ही त्याची दोन उदाहरणे आहेत. (3) लोकसंमती प्रभावी ठरण्यासाठी तिला कायद्याचा आधार लागतो. पेणची चाचणी या आधाराशिवाय झाली, म्हणून तिचा निकाल जाहीर करण्याचे बंधनही कोणावर नव्हते. (4) संमती कोणाची, याचे उत्तर सातबाऱ्यापुरते मर्यादित राहिल्यास भूमिहीन व स्त्रिया पुन्हा निर्णयाबाहेर राहतात.

भारताने मार्च 2024 मध्ये युरोपीय मुक्त व्यापार संघटनेशी आणि जुलै 2025 मध्ये ब्रिटनशी व्यापार करार केले. असे करार यापुढेही होतील आणि त्यांपैकी काही लाभदायकही ठरतील. स्वाक्षरीपूर्वी त्यांचे मसुदे संसदेत व विधिमंडळांत चर्चिले जावेत, कृषिविषयक तरतुदी मातृभाषेतून ग्रामसभांसमोर याव्यात, अशी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. पेणच्या 22 गावांतील शेतकऱ्यांनी एका रविवारी रांगेत उभे राहून जो हक्क बजावला, तो अपवाद न राहता प्रथा व्हावा, हाच त्या लढ्याचा अन्वयार्थ आहे.