लाल पाटीमागची कारणं

मोहोपाड्यातल्या सोसायट्यांची एक छोटी साइट मी सांभाळतो. पाण्याच्या वेळा, रसायनी स्टेशनवर थांबणारी रोह्याची गाडी, पाताळगंगा एमआयडीसीतल्या जागा, विकायला काढलेली सायकल, असा मजकूर. लपवण्यासारखं काही नाही. पण लॉगिन आहे, आणि बरेच जण तोच पासवर्ड ईमेललाही वापरतात. म्हणून साइट एचटीटीपीएसवर आहे: ब्राउझर आधी साइटचं प्रमाणपत्र तपासतो, आणि ते पटलं नाही तर इशाऱ्याची लाल पाटी दाखवतो.

तक्रार नेहमी एकाच शब्दांत येते: "दादा, साइट उघडत नाय, लाल येतंय." कारणं मात्र वेगवेगळी असतात.

माझा पहिला प्रश्न: बाकीच्या साइट उघडतात का? त्याही अडत असतील तर मी घड्याळ बघायला सांगतो. बाजारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात जुन्या पीसीच्या मदरबोर्डवरचा सेल संपला होता. वीज गेली की तारीख कित्येक वर्षं मागे जायची, आणि त्या पीसीच्या हिशेबाने आजची प्रमाणपत्रं अजून सुरूच झालेली नसायची. सेल बदलला, लाल गेलं.

आमचीच साइट अडत असेल तर प्रमाणपत्र उघडून नाव, मुदत आणि देणारी संस्था बघायची. आमचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टचं. फुकट, पण ९० दिवसांचं. सर्टबॉट नावाचा प्रोग्राम दिवसातून दोनदा मुदत तपासतो आणि ३० दिवस उरले की नवं मागतो. साइट आमचीच आहे हे पटवायला तो सर्व्हरवर एक फाइल ठेवतो. लेट्स एन्क्रिप्ट ती पोर्ट ८० वरून येऊन वाचतं. एकदा होस्टिंगवाल्यांनी सुरक्षेच्या नावाखाली तेच पोर्ट बंद केलं. नूतनीकरण रोज फसत राहिलं आणि साइट मात्र जुन्या प्रमाणपत्रावर व्यवस्थित चालू राहिली. मुदत संपली त्या दिवशी फोन सुरू झाले. कधी उलटं होतं: नवी फाइल डिस्कवर येऊन पडलेली असते, पण सर्व्हर रीलोड न केल्याने तो जुनीच दाखवत बसतो.

सर्वांत चकवणारी तक्रार म्हणजे "कॉम्प्युटरवर चालते, मोबाइलवर नाही." आमचं प्रमाणपत्र आणि ब्राउझरला ठाऊक असलेलं मूळ प्रमाणपत्र यांच्यामध्ये आणखी एक दुवा असतो. सर्व्हरने तो पाठवला नाही, तर काही ब्राउझर स्वतः शोधून आणतात, काही सरळ नकार देतात.

या बिघाडांपेक्षा मला जास्त भीती वाटते ती ग्रुपवर लगेच फिरणाऱ्या सल्ल्याची: "प्रगत वर दाबा, पुढे जा." फुकटच्या वायफायवर कुणी मध्ये बसून पासवर्ड उचलत असेल, तेव्हाही अशीच लाल पाटी येते. आमच्या ढिलाईने लोकांना ती ओलांडायची सवय लागते.

आणि पाटी न येणं म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. जुलै २०१४ मध्ये आपल्याच एनआयसी या सरकारी संस्थेच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गुगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं गुगलला आढळलं. विंडोज त्यामागच्या भारतीय मूळ प्रमाणपत्रावर विश्वास ठेवत असल्याने विंडोजवरच्या काही ब्राउझरनी ती खरी मानली असती. शेवटी ज्या प्रमाणपत्रांच्या आधारे एनआयसी इतरांना प्रमाणपत्रं देत होती, तीच रद्द झाली. प्रमाणपत्र म्हणजे तराजूवरचा वजनमापवाल्यांचा शिक्का: काटा बरोबर आहे एवढंच तो सांगतो, भाजी ताजी असल्याची हमी देत नाही. ठगांच्या साइटनाही प्रमाणपत्र मिळतं.

१५ मार्च २०२९ पासून प्रमाणपत्राची कमाल मुदत ४७ दिवसांवर येणार आहे. आठवण ठेवून हाताने नूतनीकरण करण्याचे दिवस संपले. म्हणून आता बाहेरून रोज मुदत तपासून मला मेसेज पाठवणारी सोय केली आहे. शिवाय एचएसटीएस सुरू केलं आहे: एकदा साइट नीट उघडलेल्या ब्राउझरमध्ये प्रमाणपत्र बिघडलं तर 'पुढे जा' हा पर्यायच दिसत नाही. त्यामुळे बिघाड झाला की सगळे अडकतात आणि थेट मला फोन करतात. ते मला चालतं. पुढे जाण्यापेक्षा फोन केलेला बरा.