दीपगृह कसे ओळखावे?

आपल्या जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. त्यामुळे दीपगृह म्हणजे उंच जागी लावलेला मोठा दिवा, एवढेच पुष्कळ मुलांस ठाऊक असते. परंतु दिवा नुसता दिसून खलाशाचे भागत नाही. तो कोणता, हे त्यास ओळखता आले पाहिजे. मुंबई बंदराच्या वाटेवर खांदेरी बेटावर १८६७ साली व कुलाब्याच्या दक्षिणेकडील प्रॉंग्ज खडकावर १८७५ साली दीपगृह उभारण्यात आले. रात्री एकास दुसरे समजल्यास नौका खडकावर आदळावयाची! म्हणून किती झोत व किती सेकंदांनी, हे प्रत्येक दीपगृहाचे ठरलेले असते. खलाशी ते मोजतो व नकाशाशी ताडून पाहतो. दिवा उंच ठेवण्याचे कारण पृथ्वीचा गोलावा होय. ४० मीटर उंचीवरील दिवा पाण्याच्या पातळीवरून सुमारे २२ किलोमीटरपर्यंतच दिसू शकतो.

शिक्षकांनी वर्गात अंधार करून दोन मुलांच्या हाती विजेऱ्या द्याव्यात. एकाने दर दहा सेकंदांनी एकदा व दुसऱ्याने दोनदा प्रकाश दाखवावा. इतरांनी मोजून दीपगृह ओळखावे. ज्याची मोजणी चुकेल, त्याची नौका कोठे गेली असती, हे फळ्यावरील नकाशात त्याच्याकडूनच काढून घ्यावे.